एका घासाचा एपिसोड

मी एक जुना टीव्ही आहे. डब्यासारखा पोट सुटलेला नाही. भिंतीला पाठ लावून बसणारा, बत्तीस इंची, सपाट. पण आजकाल आठ-नऊ वर्षं झाली की आमच्या जातीला म्हातारं म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. माझ्या डाव्या कोपऱ्यात हिरवी रेघ पडली आहे, आणि आवाज कमी करायचं बटण दाबलं की तो कधीकधी वाढतो. बाकी मी ठणठणीत आहे. मित्रांनो, मी तुमच्या शाळेच्या दुसऱ्या खोलीत, व्हरांड्याकडे तोंड करून बसलेला असतो. मी इथे कसा आलो ते मोठी माणसं तुमच्यासमोर बोलत नाहीत. तुमच्या पाठीमागे मात्र पुष्कळ बोलली. म्हणून आता मीच सांगतो. सांगताना मध्येच माझा आवाज चढेल. तो बटणाचा दोष समजू नका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर आम्ही ओळीने पुढे जायचो. कुणी स्क्रू आवळायचं, कुणी काच पुसायचं. शेवटी एक मुलगी दिवसभर उभी राहून प्रत्येकाच्या अंगावर लाल, हिरवा, निळा रंग नीट उमटतो का ते बघायची. तिने माझ्याकडे दोन क्षण पाहिलं आणि पुढे ढकललं. आपण निर्दोष आहोत असं मला तेव्हा वाटलं होतं.

तिथून ट्रकने गोंदियाच्या एका दुकानात आलो. चार महिने काचेआड उभा होतो. एके दिवशी एकवीस वर्षांची एक मुलगी आली आणि दुकानदाराला म्हणाली, "भैया, आवाज साफ असलेला द्या. चित्र जरा कमी चाललं तरी चालते." अशी मागणी करणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं. ती नूतन. दिवाळी सरली की आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि नाटकं होतात. त्या नाटकांत ती गायची. पहिल्याच मोसमात तिचं नाव झालं, आणि त्या कमाईतून तिने आईसाठी मला घेतलं. पॅसेंजर गाडीने सालेकशापर्यंत ती मला मांडीला टेकवून घेऊन आली. सीट मागणाऱ्या एका माणसाला तिने सांगितलं, "काका, माह्या मायचा आहे, थोडा सांभाळा."

तिची आई म्हणजे वच्छलाबाई. होय, तुमची खिचडी शिजवणाऱ्या वच्छलाबाई. चौदा वर्षं झाली, या गावातलं एकही लेकरू असं नाही ज्याने त्यांच्या हातचं खाल्लं नाही. नूतनचे वडील मनिराम दुसऱ्याची धानाची बांधी, म्हणजे शेत, ठेक्याने करतात आणि दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलतात.

त्या घरातली माझी वर्षं सुखाची गेली. वच्छलाबाई मला रोज पदराने पुसायच्या. मनिरामकाका पावसाचा अंदाज बघायचे आणि तो चुकला की माझ्याकडे रागाने बघायचे, जसं काही ढग मीच अडवून धरले होते. तीन वर्षांपूर्वी नूतन हिंदीतल्या गाण्याच्या मोठ्या स्पर्धेत गेली. तेव्हा तर मला खिडकीत ठेवून तोंड अंगणाकडे केलं. सगळा टोला, म्हणजे आमची वस्ती, अंगणात बसायचा. ती शेवटच्या सहांत पोहोचली त्या दिवशी मला हळदकुंकू लागलं आणि शेजारच्या फुलवंताबाईंनी माझ्यासमोर नारळ फोडला. थोडं पाणी माझ्यावर उडालं, पण मी काही बोललो नाही. नूतनचे फोटो गोंदियाच्या चौकात लागले होते. अशा वेळी कुणाला अभिमान वाटणार नाही?

आता त्या मालिकेचं सांगायला हवं. नाव सांगत नाही, तिला तेवढीच प्रसिद्धी नको. संध्याकाळी साडेसातला लागायची. जाकीट घातलेला एक माणूस धुरातून चालत यायचा आणि बोट रोखून म्हणायचा की ही कहाणी सत्य घटनेवर आधारित आहे. त्याच वेळी माझ्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत सरकायचं की सर्व पात्रं काल्पनिक आहेत. अरे बाबा, एक काय ते ठरव! खरं आहे म्हणून लोकांना बसवायचं, आणि कुणी जाब विचारला तर काल्पनिक म्हणून पाय काढायचा. मला दोन्ही एकाच वेळी दाखवावं लागे. माझ्याच अंगावर माझ्याच विरुद्ध लिहिल्यासारखं व्हायचं.

त्यातही कुणी नावाजलेलं माणूस गेलं की त्यांना ऊत यायचा. एकदा एक सिनेमातला नट गच्चीवरून पडून गेला. खरोखर गेला, बातमी मीच दिली होती. त्याची तेरवीही झाली नसेल, तोच मालिकेत नाव बदललेला नट, तसाच निळा शर्ट, तशीच गच्ची, आणि मागे उभी असलेली बायको. खऱ्या तपासात अजून कुणाला काही सापडलं नव्हतं. यांना पंचेचाळीस मिनिटांत सगळं सापडलं, जाहिरातींसकट.

आणि खरं सांगतो मित्रांनो, आमच्या वच्छलाबाईंना ती मालिका फार आवडायची. सुपात तांदूळ निवडता निवडता त्या बघायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "बायकोनंच ढकललं असन. डोळे पाह्य ना तिचे."

नूतन घरी होती. ती म्हणाली, "आई, थे नटी हाय. त्याची खरी बायको घरी रडत असन."

"तुले का मालूम?"

"आन तुले का मालूम?"

वच्छलाबाई हसल्या आणि पुन्हा माझ्याकडे वळल्या. मीही ढणढण वाजवत राहिलो. हे मी लपवत नाही.

गेल्या वर्षी आषाढात, आखाडीच्या सणाला नूतन चार दिवसांसाठी घरी आली. येण्याआधी फोनवर तिने एकच गोष्ट मागितली होती: सात्या. पावसात रानात वारुळांवर उगवणाऱ्या त्या पांढऱ्या छत्र्या तुम्ही सगळ्यांनी खाल्ल्या आहेत. वच्छलाबाई लहानपणापासून त्या वेचत आल्या. पण त्या वर्षी नेहमीच्या वारुळावर फार थोड्या निघाल्या, म्हणून त्या नाल्यापलीकडे गेल्या. तिथून आणलेल्यांत एखादी-दोन वेगळी होती. दिसायला तशीच, वासाला तशीच.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. जिने सात्या वेचून आणल्या तिने पहिला घास स्वतः खायचा, तासभर थांबायचं, आणि मगच दुसऱ्याच्या ताटात वाढायचं. वच्छलाबाईंनी घास खाल्ला. माझ्यासमोरच बसून तासभर वाट पाहिली. काही झालं नाही. ते विष तासाभरात बोलत नाही, दुसऱ्या दिवशी बोलतं, हे रीत घालणाऱ्यांना कसं ठाऊक असणार? मग त्यांनी सगळी भाजी नूतनच्या ताटात वाढली, कारण भाजी थोडी होती आणि पोरगी दोन वर्षांनी सात्या खात होती. स्वतः कढई पुसून भाकर खाल्ली. मनिरामकाका शेतात धानाच्या रोवण्यावर होते. त्यांच्या वाट्याला आलीच नाही.

तुमच्या घरी भाजी थोडी असली की आईच्या ताटात किती येते, ते आज जेवताना बघा. मग पुढचं ऐका.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून दोघींना उलट्या. आधी सालेकसा, मग गोंदिया. चौथ्या दिवशी नूतन गेली. वच्छलाबाई अकरा दिवस दवाखान्यात होत्या. त्यांना पोरीचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही. हे सगळं मी घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं. दरम्यान मला स्वतःला बातमी द्यावी लागली. जी स्पर्धेत गाताना मीच दाखवली होती, तिचाच फोटो, खाली काळी पट्टी. रिकाम्या घरात मनिरामकाका एकटेच माझ्यासमोर उभे होते. पाऊस बघायला त्यांनी मला लावलं होतं.

श्रावणात मुंबईहून दोन तरुण आले. हातात कॅमेरा नव्हता, नुसती वही होती. नूतनवर काही चांगलं करायचं आहे म्हणाले. वच्छलाबाई कुणाशी बोलत नव्हत्या, म्हणून ते फुलवंताबाईंच्या ओसरीवर बसले. फुलवंताबाईंनी त्यांना चहा दिला, आणि आपल्या मैत्रिणीवर कुणी बोट ठेवू नये म्हणून अगदी समजावून सांगितलं की बापा, आमच्याकडे आणणारीच पहिला घास खाते, वच्छलानंही खाल्ला, मायच्या मनात खोट असती तर तिनं घास कायले खाल्ला असता? पोरांनी मान हलवली. वहीत लिहून घेतलं. दुपारच्या गाडीने निघून गेले.

पोळा झाला आणि मालिकेची जाहिरात लागली. "एक उभरती गायिका. एक थाली. और एक माँ." मग ढण्ण.

एपिसोडच्या संध्याकाळी अंगण पुन्हा भरलं. गर्दी तीच, स्पर्धेच्या वेळची. बसायच्या जागासुद्धा त्याच. कुणी बोलावलं नव्हतं. काही जण खरंच वाटून आले की नूतनला बघायला मिळेल. वच्छलाबाई आत भिंतीला टेकून बसल्या. त्यांनाही तेच वाटलं होतं. माझी तर एकच इच्छा होती, वीज जावी. एरवी दिवसातून चार वेळा जाते. वारा सुटला की जाते, कावळा तारेवर बसला की जाते. त्या दिवशी मेली गेली नाही!

काय दाखवलं म्हणता? संगमरवरी जिन्याचा बंगला. नखं रंगवलेली आई. मुलीला शहरातल्या मुलाशी लग्न करायचं आहे, आईला ते नको. मग आई काचेच्या ताटलीत बाजारातली गोल बटणासारखी छत्री-भाजी आणते. ती भाजी बघून अंगणातली पोरं हसली, कारण सात्या अशा नसतातच. पण पुढे कुणी हसलं नाही. ती नटी एक घास, अगदी एकच घास, तोंडात घालते. मुलगी विश्वासाने पूर्ण ताट संपवते. आणि नटी कॅमेऱ्याकडे बघून हळूच हसते. मग तो जाकीटवाला धुरातून येतो आणि बोट रोखून विचारतो, "एक ही निवाला क्यों?"

रीत त्यांनी उचलली, आणि तिचंच हत्यार केलं! ज्या घासाने बाई निर्दोष ठरायची, तोच घास पुरावा झाला. एवढा संताप मला कधी आला नाही. पण टीव्हीच्या संतापाचं काय होतं? काच थोडी गरम होते, एवढंच.

वच्छलाबाई हळूच म्हणाल्या, "मी हासली नाही व."

माणसं एकेक करून उठली. आपल्याकडे कुणाच्या घरून पाणी न पिता कुणी उठत नाही. त्या संध्याकाळी सगळे तसेच उठले. फुलवंताबाई तर सर्वांत आधी. मनिरामकाकांनी माझं बटण दाबलं, आवाज वाढला, तेव्हा त्यांनी वायरच ओढली.

अंगण रिकामं झाल्यावर वच्छलाबाई म्हणाल्या, "त्या नटाच्या बायकोले मीबी तसंच म्हटली होती. नूतन बोलली होती मले."

काकांची दहा वाक्यं संपली होती.

दुसऱ्या दिवसापासून मला चादर घातली आणि तोंड भिंतीकडे केलं. आठवड्याभराने काकांनी मला सायकलवर बांधलं. वाटेत कुणीतरी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "घरात ठेवू तं तिले पाहावत नाही. आन फेकू तं पोरीनं आनलेला." असा मी शाळेत आलो. कैलाश गुरुजींनी मला पुसून या खोलीत बसवलं.

इथे येऊन बघतो तर तुमचे डबे! ज्या व्हरांड्यात साठ ताटं वाजायची तिथे पन्नासेक डबे उघडत होते. वच्छलाबाई गंजभर, म्हणजे मोठं पातेलं भरून, खिचडी शिजवायच्या आणि दहा-बारा लेकरं जेवायची, तीही घरी सकाळी चूल पेटत नाही म्हणून. फुलवंताबाईसुद्धा नातीसाठी, आचलसाठी, रोज डबा घेऊन यायच्या आणि स्वयंपाकखोलीकडे न बघता परत जायच्या. मला वाटे, एवढी वर्षं ज्या हातचं खाल्लं तो हात तुम्ही ओळखत नाही, आणि धुरातून येणारं जाकीट ओळखता?

शाळा समितीचा अध्यक्ष लखन. त्याने बैठक बोलावली. तो म्हणाला, "टीव्हीवर दाखवून राहिले. एवढे मोठे लोक झूठ थोडी दाखवतीन? बाई बदला."

गुरुजींनी वही काढली. "लखनभाऊ, रोज वाढण्याआधी बाई चव घेतात, मीबी घेतो. चौदा वर्षांच्या सह्या आहेत."

"चव म्हंजे घासच ना? घास तं तिनं तवाबी खाल्ला होता."

शेवटी ठरलं की बाईंनी सगळ्यांसमोर पूर्ण ताट खायचं, आणि एक तासाने मुलांना वाढायचं. वच्छलाबाईंनी मान्य केलं. रोज दुपारी त्या व्हरांड्याच्या मधोमध बसून एकट्या जेवायच्या आणि लखन खांबाला टेकून मोबाइलवर वेळ बघायचा. प्रत्येक घास त्या पाण्याचा घोट घेऊन उतरवायच्या. तासाभरात खिचडीचा दगड व्हायचा. त्या दहा-बारा लेकरांच्या हातात ताटं, आणि सगळे त्या बाईला काही होतं का ते बघत उभे. मी समोर होतो. मला चादर हवीशी वाटायची.

नवव्या दिवशी लखन म्हणाला, "एक घंटा कमी होते. मी वाचलं हाय, जहर दुसऱ्या रोजी चढते. बाईनं आज खावा, लेकरायले उद्या वाढा."

शिळी खिचडी! आजची उद्या! गुरुजींनी कपाळावर हात मारला. पण ते बोलायच्या आत वच्छलाबाईंनी हातातली पळी गंजावर ठेवली. इतके दिवस त्या बोलल्या नव्हत्या.

"मी आता कोनाच्या पयले खात नाही," त्या म्हणाल्या. "एकदा खाल्ला पयला घास. त्यानं पोरगी वाचली नाही, आन माही इज्जतबी नाही वाचली. ज्याले माह्यावर भरोसा हाय त्यानं ताट धरा. कोनी नाही धरलं तं मी घरी जाते, पुन्हा नाही येत."

लेकरं ताटं छातीशी धरून एकमेकांकडे बघत राहिली, कारण मोठी माणसं काय म्हणतील ते त्यांना ठरवता येईना. वच्छलाबाईंनी पदर खोचला आणि चपला शोधू लागल्या. मला खात्री झाली, ही बाई आज गेली की संपलं. मालिकेने सांगितलेलंच खरं म्हणून या गावात कायम राहील.

तोपर्यंत फुलवंताबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. डबा त्यांनी खांबाजवळ ठेवला, एका मुलाच्या हातातलं ताट घेतलं आणि साठ वर्षांची ती बाई पहिलीच्या पोरांच्या ओळीत मांडी घालून बसली.

"वाढ," त्या म्हणाल्या.

वच्छलाबाई चपलाच शोधत राहिल्या.

"वाढ व वच्छला. घासभर नोको. ताट भरून वाढ." मग त्यांचा आवाज फाटला. "मीच सांगतलं त्या पोट्ट्यायले घासाचं. तुले वाचवाले सांगतलं व. मले का मालूम थे असं करतीन? आन मंग मीच भेली. दोन महिने तुह्या घरचं पानी नाही पेली मी."

"मले मालूम होतं," वच्छलाबाई म्हणाल्या. "तूच सांगतलं असन, मले मालूम होतं."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तू आली काऊन नाही?"

वच्छलाबाईंनी पळी उचलली. थोडी खिचडी जमिनीवर सांडली, पण ताट भरलं. फुलवंताबाईंनी फुंकर न मारताच खायला सुरुवात केली. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तोंड भाजत होतं, त्यातलं कुठलं कशामुळे ते मला सांगता येणार नाही. आचल आजीशेजारी येऊन बसली आणि तिने ताट पुढे केलं. मग तिच्या शेजारचं लेकरू. मग ओळच्या ओळ. लखन काहीतरी पुटपुटत फाटकाबाहेर गेला. त्या दुपारी, कित्येक आठवड्यांनी, गंज रिकामा झाला.

इथे गोष्ट गोड करून संपवता आली असती, पण मी मालिका नाही. लखनची दोन्ही मुलं अजून डबा आणतात. वच्छलाबाई या खोलीत पाय ठेवत नाहीत. मी दिसलो की मान फिरवतात. त्यांना मी दोष देत नाही. गुरुजी मला लावून तुम्हाला ग्रहणं आणि नद्या दाखवतात, आणि त्यातच माझा जीव रमतो. तो जाकीटवाला अजून कुठे ना कुठे धुरातून चालतच असेल. कालच बातमीत ऐकलं, एक खेळाडू अपघातात गेला. म्हणजे महिन्या-दोन महिन्यांत त्याचाही एपिसोड येईल.

मित्रांनो, माझ्यासारखे म्हातारे टीव्ही शेवटी विनंती करतात की आम्हाला पुसा, वीज कडाडली की वायर काढा. माझं तसं काही मागणं नाही. तुम्ही माझ्यासमोर बसणारच, बसा. पण पडद्यावर कुणाच्या आईला, कुणाच्या बायकोला मधोमध उभं करून मागे ढणढण वाजवलं, आणि "हिनंच केलं असन" असं तुमच्या तोंडावर आलं, तर ते तोंडातच ठेवा. ती नटी घरी जाते. जिच्यावरून तिला उभं केलं ती बाई आपल्याच गावात राहते, आणि दुसऱ्या दिवशी तिला बाहेर येऊन सगळ्यांसमोर चूल पेटवायची असते.